छपराखालचा बाजार

रविवारी फज्रची नमाज झाली की आमच्या घरात घाई सुरू होते. अब्बा टोपी घालून, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात दोन कापडी पिशव्या घेऊन दारात उभे राहतात आणि मला चहासुद्धा धड पिऊ देत नाहीत. "ऊन चढलं की मेथी माना टाकते," हे त्यांचे ठरलेले वाक्य. भर पावसाळ्यात कसले ऊन, असे मी एकदाच म्हणाले होते. तेव्हा, "मग पावसाने सडते. चल," असे उत्तर मिळाले. तेव्हापासून मी वाद घालत नाही.

आम्ही जातो ते घरापासून दहा मिनिटांवर. कोंढव्यातून बोपदेव घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत एक जुनी शेड आहे. पूर्वी तिथे कसलासा कारखाना होता, तो बंद पडला. उंच लोखंडी खांब, वर पत्रे, खाली सिमेंटची फरशी, एवढेच. दर रविवारी सकाळी घाट उतरून पुरंदरचे शेतकरी टेम्पोने तिथे येतात. तीस-पस्तीस जण असतील. फरशीवर ताडपत्री नाहीतर गोणपाट अंथरतात, समोर कॅरेट मांडतात, मागे उलट्या कॅरेटवर बसतात. साडेसहाला बाजार सुरू आणि अकराला शेड झाडून साफ.

या महिन्यात या बाजाराविषयीच लिहायचे ठरवले आहे. भाजी स्वस्त मिळते एवढ्यापुरते लिहायचे असते तर दोन ओळीत संपले असते, आणि ते पूर्ण खरेही झाले नसते. पण या छपराने मला गेल्या वर्षभरात बरेच शिकवले, थोडे लाजवलेसुद्धा. ते वाचकांना सांगावेसे वाटते.

आधी छपराविषयी. हाच बाजार दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मोकळ्या मैदानात भरत असे. परतीच्या पावसात एका रविवारी आठ वाजता आभाळ फुटले. पालेभाज्या चिखलात गेल्या, कोथिंबिरीच्या जुड्या पाण्यावर तरंगत होत्या, लोक पिशव्या डोक्यावर धरून पळाले. एक मावशी ताडपत्रीचे टोक धरून तशाच भिजत उभ्या होत्या, कारण सोडले तर वाऱ्याने सगळेच गेले असते. त्यानंतर आजूबाजूच्या सोसायट्यांतल्या काही मंडळींनी आणि शेतकरी गटाने मिळून शेडच्या मालकाला गाठले. रविवारची सकाळ तेवढी भाड्याने मिळाली आणि बाजार छपराखाली आला.

छप्पर आले आणि बाजाराचा स्वभावच बदलला. उन्हातल्या बाजारात माणूस पटकन उरकतो. किती, द्या, घ्या, निघा. सावलीत तो थांबतो. म्हातारी माणसे येऊ लागली, कारण टेकायला खांब आहेत. लहान मुलांना घेऊन बाया येऊ लागल्या. पावसाच्या दिवशी तर कोणालाच बाहेर पडता येत नाही, मग गप्पा होतात. पत्र्यावर पाऊस वाजत असतो, त्यामुळे मोठ्याने बोलावे लागते, आणि मोठ्याने बोललेले शेजारच्यालाही ऐकू जाते. अंबाडीची भाजी कशी करायची हे मी एका जैन शेजारणीला सांगत होते, तर पलीकडून विकणाऱ्या आजींनी, "त्यात तांदळाच्या कण्या घाला, बाई," म्हणून दुरुस्ती केली. त्यांच्या कण्या घालूनच आता आमच्या घरी अंबाडी होते.

अब्बांना हे सगळे नवीन नाही. त्यांचे सगळे आयुष्यच छपराखालच्या बाजारात गेले. आम्ही बागवान. पुण्याच्या मंडईत माझ्या आजोबांचा गाळा होता, पुढे तो अब्बांनी चालवला. पहाटे चारला उठायचे, मार्केट यार्डातून माल घ्यायचा, सहाच्या आत गाळ्यावर लावायचा. आम्ही मुले पूर्व भागातल्या पेठेत वाढलो. शाळेतून येताना मंडईत जायचे, अब्बांच्या मागे गोणीवर बसून गृहपाठ करायचा. उंच दगडी कमानी, मधला अष्टकोनी मनोरा, वर घुमणारी कबुतरे आणि खाली ओल्या भाजीचा, लिंबाचा, पिकल्या पेरूचा एकत्र वास. आजही डोळे मिटले तर तो वास येतो.

ही मंडई १८८६ सालची. त्या वेळच्या गव्हर्नरच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. नगरपालिकेने मोठा खर्च करून दगडी इमारत बांधायचे ठरवले, तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्याला विरोध केला होता. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला महात्मा फुल्यांचे नाव देण्यात आले. वर्गात मी हे सांगते तेव्हा मुले हसतात. मी त्यांना सांगते की हसण्यासारखे आहे, पण विचार करण्यासारखेही आहे. इमारत शेतकऱ्याच्या नावाने उभी राहते, पण तिच्यातून शेतकऱ्याच्या पोराच्या हातात काय पडते, हा जोतीरावांचा प्रश्न होता. तो अजून जुना झालेला नाही.

वर्गाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. सहावीच्या मुलांना एका रविवारी या शेडमध्ये घेऊन गेले. काम एकच दिले. कानावर पडणारे बाजारातले शब्द वहीत लिहून आणायचे. सोमवारी फळ्यावर यादी केली. बाजार, दुकान, माल, किंमत, वजन, तराजू, नफा, हिशेब, दलाल, हमाल, खरेदी. मुलांना वाटले हे सगळे मराठी शब्द. आहेतच ते मराठी. पण वाटेने अरबी-फारसीतून आलेले. मग दुसरी यादी केली. भाव, जुडी, पाटी, वाटा, गिऱ्हाईक, उधार. हे इथल्या मातीतले. दोन्ही याद्या एकत्र केल्याशिवाय पाव किलो भेंडीसुद्धा विकत घेता येत नाही, हे मुलांच्या आपोआप लक्षात आले. पुण्यात भाजीला तरकारी म्हणतात, तोही फारसी शब्द. आणि बागवान म्हणजे बाग राखणारा, माळी. राज्यात कृषी पणन मंडळाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले, त्यांना संत सावता माळी यांचे नाव दिले आहे. भाजीच्या मळ्यातच ज्यांना आपला विठ्ठल दिसला ते सावतोबा. माळी आणि बागवान एकच शब्द, दोन भाषांतला. एका मुलीने विचारले, "बाई, मग आपण नातेवाईकच की?" मी म्हटले, बाजारात तरी नक्कीच.

शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकावे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. आठवडी बाजारात पिढ्यान्‌पिढ्या तेच चालत आले. शहरांत ती पुन्हा आणली ती पंजाबने १९८७ मध्ये 'अपनी मंडी'च्या रूपाने. १९९९ मध्ये आंध्रात 'रयतु बाजार' आणि तमिळनाडूत 'उळवर संदै' सुरू झाले. महाराष्ट्रात २०१६ साली फळे आणि भाजीपाल्याचा व्यापार बाजार समितीच्या आवाराबाहेर नियंत्रणमुक्त झाला आणि शहरांतल्या अशा बाजारांना जोर आला.

शेतकऱ्याला याची ओढ का वाटते, हे मला वाटाण्याच्या एका मावशींनी समजावले. पुरंदरचा वाटाणा भाद्रपदाच्या आसपास येतो. शेंग भरलेली, गोड. मावशींनी मला बोटे मोडून हिशेब दिला. तोडणीची मजुरी, बारदाना, टेम्पोचे भाडे, हमाली, तोलाई. एवढे होऊन माल बाजारात गेला आणि नेमकी त्या दिवशी आवक जास्त असली तर जो भाव फुटेल तो. मग हातात पट्टी येते. "पट्टी वाचायच्या आधी पाणी पिऊन घ्यायचं असतं, बाई," मावशी हसून म्हणाल्या. इथे शेडमध्ये भाव त्या स्वतः ठरवतात. सगळा माल इथे खपत नाही, मोठा हिस्सा अजूनही यार्डातच जातो. पण रविवारचे पैसे त्याच दिवशी रोख हातात पडतात, आणि त्यातून आठवड्याची मजुरी भागते.

रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये याचा हिशेब मांडला होता. ग्राहक टोमॅटोसाठी जो एक रुपया मोजतो त्यातले सुमारे ३३ पैसे शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात. कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७ पैसे. मी हे आकडे अब्बांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाकीचे ६७ पैसे आम्ही खाल्ले असं लोकांना वाटतं. त्यात टेम्पो आहे, हमाल आहे, गाळ्याचं भाडं आहे, संध्याकाळी फेकून दिलेला माल आहे. चाळीस वर्षं मी पहाटे चारला उठलो. मी काही बंगला बांधला नाही, बेटा." तेही खरे आहे. आम्ही पाच भावंडे शिकलो ते त्या गाळ्यावरच, पण अम्मीने प्रत्येक ईदला कपड्यांचा हिशेब कसा जमवला हे मी पाहिलेले आहे.

मधला माणूस म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येते. पण गोदामात माल अडवून भाव चढवणारा आणि पाटी घेऊन दिवसभर उभा राहणारा यांना एका मापाने मोजता येत नाही.

अब्बा शेडमध्ये फिरतात तेव्हा मला दर वेळी काही शिकायला मिळते. खरा शेतकरी कोण आणि शेतकऱ्याच्या नावाने बसलेला व्यापारी कोण, हे ते लांबून सांगतात. शेतकऱ्याकडे तीन-चारच जिन्नस असतात, तेही हंगामातले. वांगी एकसारखी नसतात, काकडी वाकडी असते, एखाद्या पानाला अळीने खाल्लेले असते. ज्याच्याकडे बारा प्रकारच्या भाज्या रांगेत, शेजारी सफरचंद आणि किवीसुद्धा, तो पहाटे यार्डात जाऊन आलेला. "सिमल्याचं सफरचंद सासवडला कधीपासून लागायला लागलं?" असे अब्बांनी एकाला विचारले होते. तो हसला, पण पुढच्या रविवारी सफरचंद नव्हते.

विचारायचे प्रश्न दोनच, असे ते म्हणतात. गाव कोणते आणि तोडणी कधीची. शेतकरी दोन्हीची उत्तरे न अडखळता देतो, आणि तिसरे न विचारता सांगतो, ते म्हणजे पाऊस किती झाला. माल पाहायची त्यांची पद्धतही साधी. वांग्याचा देठ हिरवा आणि काटे टोचणारे असावेत. वाटाण्याच्या शेंगा मुठीत दाबल्या की करकर वाजायला हव्यात. सीताफळाचे डोळे उघडून त्यांच्या मधल्या रेघा पिवळसर झाल्या असतील तर ते घरी पिकेल, नाहीतर दगडच राहील. आणि भेंडीची टोके मोडून बघू नका. ती मोडलेली भेंडी मग कोणी घेत नाही, आणि ज्याची असते त्याचा जीव तुटतो. हे शेवटचे मी सर्व भगिनींना हात जोडून सांगते, कारण मीही वर्षानुवर्षे मोडत आले होते.

बाजाराच्या सचोटीविषयी बोलताना अब्बा नेहमी एक हदीस सांगतात. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, असे स्पष्ट बजावले. अब्बांनी मंडईत हे आयुष्यभर पाळले. डागी फळ वेगळ्या पाटीत, तेही पुढे. दुसरी एक शिकवण ते सांगतात ती फार कमी लोकांना माहीत असते. बाहेरून माल घेऊन येणाऱ्यांना बाजारात पोहोचण्याआधीच वाटेत गाठून माल विकत घेऊ नये, असे प्रेषितांनी सांगितले. कारण त्या माणसाला बाजारचा भाव अजून ठाऊक नसतो. अडाणीपणाचा फायदा घेऊन केलेला सौदा, मग तो कागदावर कितीही बरोबर असो, त्यात बरकत नाही. शेतकऱ्याने स्वतः बाजारापर्यंत पोहोचावे, भाव डोळ्यांनी पाहावा, मग विकावे. चौदाशे वर्षांपूर्वी सांगितलेली ही गोष्ट आमच्या या पत्र्याच्या शेडमध्ये बसल्यावर नीट समजते.

आता लाजेची गोष्ट.

माझा भाचा, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा, याच शेडच्या फाटकाबाहेर हातगाडी लावतो. मंडईतला गाळा पुढे कुटुंबाकडे राहिला नाही. मुलाने बारावीनंतर दोन-तीन नोकऱ्या केल्या, जमल्या नाहीत, मग आजोबांचाच धंदा गाडीवर सुरू केला. बाजार मैदानात यायच्याही आधीपासून त्याची आणि आणखी चार मुलांची गाडी त्या रस्त्यावर असते. आठवडाभर मी त्याच्याकडूनच घेते. पण रविवारी शेडमधून दोन्ही पिशव्या भरून बाहेर पडताना त्याच्या गाडीवरून जावे लागे. तेव्हा मी काय करत असे, ते सांगते. पिशवीवर ओढणी टाकत असे आणि मोबाइलमध्ये पाहत चालत असे. शाळेत मुलांना खरे बोलायला शिकवणारी मी, आणि सख्ख्या भाच्यासमोर मेथीची जुडी लपवत होते. अब्बा मात्र थांबायचे, त्याला सलाम करायचे, चार लिंबे घ्यायचे. तो मला कधी काही बोलला नाही. एकदा फक्त म्हणाला, "खाला, लिंबू तरी माझ्याकडून घेत जा." त्या दिवशी घरी येऊन मला स्वयंपाक सुचला नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात वाद पेटला. शेतकरी गटाचे म्हणणे असे की बाहेरच्या गाड्यांमुळे फाटक अडते, आणि त्यातले काही जण यार्डातला माल 'शेतकऱ्याचा माल' अशी आरोळी देऊन विकतात. आम्ही घाट उतरून यायचे आणि आमच्या नावावर दुसऱ्याने विकायचे? सोसायट्यांनी गाड्या हटवण्याचा अर्ज तयार केला. गाडीवाल्या मुलांचे म्हणणे असे की बाजार आठवड्यात एक दिवस, आम्ही सातही दिवस. रस्त्यावर विकणाऱ्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, आम्हाला असे उठवता येणार नाही. आणि रविवारी आमचा धंदा निम्म्याने बसतो, त्याचे काय? दोन्ही बाजूंचे बोलणे खरे होते. म्हणूनच भांडण सुटत नव्हते. त्यात कोणीतरी, "ही तुमची मुलं," असा शब्द काढला आणि बोलणे भलत्याच दिशेला जायला लागले.

शनिवारी अस्रनंतर शेडमध्येच बैठक झाली. अर्जावर सही करा म्हणून माझ्याकडेही कागद आला होता, कारण या बाजाराची मी जुनी गिऱ्हाईक. मी सही केली नाही, पण केली नाही हे मोठ्याने सांगायचेही धाडस केले नाही. अब्बा काठी टेकत उठले. त्यांना सगळे शेतकरी ओळखतात, चाचा म्हणतात. ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं मधला माणूस होतो. तुमचा माल मी विकलाय, तुमच्या वडिलांचाही विकला असेल. भांडण जागेचं नाही. भांडण पाटीचं आहे. यार्डाचा माल यार्डाचा म्हणून विका आणि शेतातला शेतातला म्हणून. मग ज्याला जे हवं ते तो घेईल." मग भाच्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाले, "शेतकऱ्याचा माल म्हणून तू कधी ओरडलास का?" तो खाली बघत म्हणाला, "दोनदा, नाना." शेडमध्ये कोणी काही बोलले नाही. वाटाण्याच्या मावशींनीच विषय पुढे नेला. म्हणाल्या, "पोरगं खरं बोललं. आता पुढचं बोला."

त्या दिवशी ठरले ते असे. शेडच्या मागच्या भिंतीलगत पाच जागा गाडीवाल्या मुलांना. भाडे इतरांइतकेच. शेतकऱ्यांनी त्या दिवशी आणलेली भाजी त्यांनी ठेवायची नाही. कांदे, बटाटे, लसूण, आले, केळी, सफरचंद, नारळ ठेवावेत, म्हणजे लोकांना लागतात पण घाटावरून येत नाहीत अशा वस्तू. आणि वर मोठ्या अक्षरात पाटी, 'मार्केट यार्डचा माल'. पाटीवरची अक्षरे मी लिहिली. शिक्षिकेच्या हाती तेवढेच होते.

सगळे गोड झाले असे मी लिहिणार नाही. पाच जणांपैकी दोघांना हे मान्य झाले नाही, ते अजून बाहेरच असतात आणि त्यांचा राग गेलेला नाही. पहिल्या तीन रविवारी पाटी वाचून लोक भाच्याच्या पुढून निघून गेले. तो मला म्हणाला, "खाला, खरं लिहिलं म्हणून उपाशी मरायचं का?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण भाजी घेतली की माणसाला कांदा-लसूण लागतोच, आणि त्यासाठी पुन्हा दुसरीकडे जायचा कंटाळा येतो. हळूहळू बायका मागच्या भिंतीपर्यंत येऊ लागल्या. आज त्याची रविवारची विक्री पूर्वीइतकी झाली आहे, जास्त नाही. एका शेतकऱ्याने परवा दोन कॅरेट उरलेली काकडी त्याला रास्त भावात दिली. घाट चढून परत न्यायला परवडत नव्हती. सोमवारी त्याने ती गाडीवर विकली, 'पुरंदरची काकडी, कालची' असे सांगून. 'कालची' हा शब्द त्याने आपणहून जोडला. अब्बांना हे कळले तेव्हा ते दोनदा म्हणाले, "अल्हम्दुलिल्लाह."

आणि मी आता पिशवीवर ओढणी टाकत नाही.

वाचकहो, तुमच्या गावात, शहरात असा बाजार असेल तर जरूर जा. सुट्टे पैसे आणि कापडी पिशव्या घेऊन जा. गाव विचारा, तोडणी विचारा. वाकडी काकडी घ्या, चवीत ती वाकडी नसते. प्रत्येक वस्तू स्वस्त मिळेल असे धरून जाऊ नका. कधी कधी गाडीवर दोन रुपयांनी कमीच असते. ताजी मिळेल आणि कोणाची ते कळेल, एवढे मात्र खरे. दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. मॉलमध्ये छापील किमतीपुढे आपण मान खाली घालतो आणि जमिनीवर बसलेल्या बाईपुढे मात्र आपला आवाज चढतो, हे बरे नव्हे. मुलांना सोबत न्या. वजन कसे करतात, सुट्टे कसे मोजतात, अनोळखी माणसाशी आदराने कसे बोलतात, हे मी वर्गात कितीही शिकवले तरी तिथे एका सकाळी जास्त शिकतात.

आणि येताना कोपऱ्यावरच्या आपल्या नेहमीच्या गाडीवाल्याला विसरू नका. आठवड्याचे उरलेले सहा दिवस पावसापाण्यात तोच आपल्या दारापर्यंत येतो. त्याच्या डोक्यावर छप्पर नसते. शेतकऱ्याला न्याय मिळावा म्हणून त्याच्यावर अन्याय करायची गरज नाही.

या रविवारी वाटाणा संपत आला आहे, मावशी म्हणत होत्या. थंडी पडली की खट्ट्या बहाराचे अंजीर येतील. अब्बा आतापासूनच त्याची वाट पाहत आहेत. अंजिराची खूण काय, ते त्यांनी अजून सांगितलेले नाही. म्हणतात, "आल्यावर दाखवीन." अल्लाह त्यांना आयुष्य देवो. पुढच्या रविवारीही ते दारात पिशव्या घेऊन उभे असोत आणि माझा चहा अर्धाच राहो.